एका 'रन'चे ६४५ अर्थ होतात तरी कसे?

"इंग्रजीतल्या 'रन' या एका शब्दाला ६४५ अर्थ आहेत" असा मजकूर अधूनमधून सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतो. कधी त्यात 'रन'च्या जागी 'सेट' असतो आणि आकडा ४३० असतो. वाचणारा एक तर "काहीतरीच!" म्हणून पुढे जातो, नाहीतर "म्हणूनच आपल्याला इंग्रजी जमत नाही" असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. हा दुसरा निष्कर्ष मला फार खटकतो. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाणारी मुलं डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या गावागावांत आहेत. आपली भाषा साधी आणि ही नवी भाषा अथांग, अशी धास्ती त्यांच्या मनात आधीच असते. तिच्यात असल्या आकड्याची भर पडायला नको. तेव्हा हा आकडा आला कुठून आणि तो सांगतो काय, हे नीट पाहू.

आकडा कुठला?

दोन्ही आकडे ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातले आहेत. असा कोश करायचा हा विचार लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली मांडला गेला. पहिला भाग छापून यायला १८८४ उजाडलं आणि काम पुरं झालं १९२८ मध्ये. जेम्स मरे हे त्याचे सर्वांत नावाजलेले संपादक, पण कोश पुरा झालेला पाहायला ते राहिले नाहीत. हजारो हौशी वाचकांनी पुस्तकं वाचून, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवलं, आणि त्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर हा कोश उभा राहिला. त्यामुळे या कोशात कुठलाही अर्थ हवेतून येत नाही. त्या अर्थाने शब्द कुणी, कोणत्या साली वापरला याचा दाखला सोबत असतो.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. त्याचे क्रियापद म्हणूनच ४३० अर्थ दिले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी एकेक शब्द पुन्हा तपासायला घेतला गेला. २०११च्या सुमारास 'रन'ची पाळी आली, आणि पीटर गिलिव्हर या संपादकांनी नऊ महिने त्या एका शब्दावर घालवले. त्यातून ६४५ हा आकडा निघाला. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचे दोन्ही संदेश आपापल्या काळापुरते खरे आहेत.

पण हा आकडा वाचायचा कसा, ते कोणी सांगत नाही. कोशकारांमध्ये दोन स्वभाव असतात, जोडणारे आणि तोडणारे. नदी 'रन' होते, नळ 'रन' होतो, सर्दीत नाक 'रन' होतं. जोडणारा म्हणेल, वाहणं हा एकच अर्थ झाला. तोडणारा म्हणेल, नदी आपोआप वाहते, नळ कुणीतरी सोडलेला असतो आणि नाकाच्या बाबतीत नाक वाहत नाही, नाकातून काहीतरी वाहतं, म्हणून अर्थ तीन. ऑक्सफर्डचा मोठा कोश तोडणाऱ्यांचा आहे. शिवाय शेकडो वर्षांपूर्वी मरून गेलेले अर्थही तो जपून ठेवतो. शाळकरी कोशात हाच शब्द काही डझन अर्थांत आटोपतो. शब्द तोच, इंग्रजीही तीच.

आपल्या आजूबाजूचे 'रन'

यातले कितीतरी अर्थ गोव्यातला मराठी माणूस रोज वापरतो. इंग्रजी न शिकलेलाही वापरतो.

ओट्याचं ग्रॅनाइट बसवणारा कारागीर कड घासायची मजुरी 'रनिंग फुटा'वर सांगतो. रुंदी विचारात न घेता सरळ रेषेत जेवढी लांबी, तेवढे पैसे. जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस आधी विचारतो, "रनिंग किती झालंय?" आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो, "गाडी रनिंग कंडिशनमध्ये आहे." एकाच व्यवहारात दोन 'रनिंग' आले. पहिल्यात किती किलोमीटर फिरली ते विचारलं, दुसऱ्यात ती बंद पडलेली नाही एवढंच सांगितलं. सार्वजनिक बांधकाम खात्याचा कंत्राटदार 'रनिंग बिला'ची वाट पाहत असतो. काम अजून पुरं व्हायचंय, पण आजवर झालेल्या भागाचे पैसे त्याला हवे असतात.

खाणपट्ट्यातल्यांना आणखी एक ठाऊक असतो. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत 'आरओएम' हा शब्द खाणीवर काम केलेल्या कुणाच्याही तोंडी सापडेल. त्याची फोड 'रन ऑफ माइन'. खाणीतून जसं उकरलं तसं, न चाळलेलं, न धुतलेलं, प्रत न लावलेलं खनिज. इथे 'रन' म्हणजे कामाच्या ओघात जे सरसकट बाहेर पडतं ते. सामान्य, कुठलंही वेगळेपण नसलेल्या गोष्टीला इंग्रजीत 'रन ऑफ द मिल' म्हणतात, तेही याच घराण्यातलं.

क्रिकेटमधला रन सांगायला नको. दाबोळीचा आणि मोपाचा रनवे आहे. बँक बुडणार अशी आवई उठून ठेवीदार एकदम पैसे काढायला धावले, तर अर्थशास्त्राच्या भाषेत तो बँकेवरचा 'रन'. पोट बिघडलेला रुग्ण इंग्रजीत सांगतो तेव्हा 'रन्स'चा धावांशी काही संबंध नसतो.

अर्थाला अर्थ फुटतो तो असा

एका शब्दाला एकमेकांशी नातं असलेले अनेक अर्थ असणं याला अनेकार्थता म्हणतात. नातं असणं महत्त्वाचं. 'रन'चं मूळ जुन्या इंग्रजीत सापडतं आणि तिथे धावणं आणि वाहणं हे दोन्ही अर्थ आहेत. जर्मन भाषेत याच कुळातला 'रिनेन' हा शब्द आजही वाहण्यासाठीच वापरतात. म्हणजे माणूस आधी धावला आणि मग कुणा कवीने पाण्याला पाय फोडले, असं झालेलं नाही. पाण्याचं 'रन' होणं तितकंच जुनं आहे.

पुढचे अर्थ कसे जोडले गेले हे समजायला आपली जुनी राजांगणाची, म्हणजे मधोमध मोकळा चौक असलेली घरं डोळ्यांसमोर आणा. मूळ घर राजांगणाभोवतीचं. मग एका पिढीने बाजूला कोठी काढली, दुसरीने कोठीला लागून खोली, तिसरीने खोलीमागे पडवी. पडवीत उभं राहिलं की राजांगण दिसतही नाही. पण पडवीतून खोलीत, खोलीतून कोठीत आणि कोठीतून राजांगणात दार आहे. 'रनिंग फूट' आणि धावणारा माणूस यांच्यात थेट दार शोधलं तर सापडणार नाही. पाणी वाहतं, म्हणजे सलग पुढे जातं. सलग जाणारी रेषाही मग 'रन' होते. ती रेषा मोजायची तर तिचे फूट 'रनिंग'. तीन दारं ओलांडली की पोचलो.

दुसऱ्या बाजूने आणखी एक रांग निघाली. एका ठिकाणाहून दुसरीकडे नेमाने जाणारी गाडी 'रन' होते. गाडीचं इंजिन 'रन' होतं. मग गाडी जागची न हलता नुसतं इंजिन चालू असलं तरी ते 'रन' होतंय असंच म्हणू लागले. तिथून कारखाना, कारखान्यावरून दुकान, संस्था, सरकार, आणि शेवटी संगणकातला प्रोग्रॅम. यंत्रयुग आलं नसतं तर 'रन'ची नोंद इतकी फुगली नसती. नवं यंत्र आलं की त्याच्यासाठी कोरा शब्द घडवण्यापेक्षा तोंडात बसलेला शब्द ताणून वापरणं माणसाला सोपं जातं.

म्हणूनच अर्थांची गर्दी नेहमी छोट्या, जुन्या आणि सतत लागणाऱ्या शब्दांभोवती होते. अमेरिकेतले भाषाअभ्यासक जॉर्ज झिप यांनी १९४५ साली हे आकड्यांत मांडलं. शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. शाळेत मुलं ज्यांना 'कठीण शब्द' म्हणून अधोरेखित करतात, त्या लांबलचक शब्दांना बहुधा एक-दोनच अर्थ असतात. खरी कसोटी 'गेट', 'टेक', 'पुट', 'रन' यांच्यापाशी लागते, आणि त्यांच्याखाली कुणी रेघ मारत नाही.

पण मग एकसारखा दिसणारा प्रत्येक शब्द अनेकार्थी का?

नाही. क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ या अर्थाची 'बॅट' इंग्रजीत सारखीच लिहितात, पण त्यांची कुळं वेगळी. ते दोन शब्द योगायोगाने एका रूपाला आले. मराठीत 'पान' घ्या. झाडाचं पान, विड्याचं पान, पुस्तकाचं पान आणि "पानं मांडली, बसा जेवायला" यातलं पान, ही सगळी संस्कृत 'पर्णा'ची संतती. केळीच्या पानावर जेवायची पद्धत होती म्हणून जेवणाची जागा पान झाली. मात्र स्तनपान, मद्यपान यातलं 'पान' पिण्यावरून आलेलं, त्याचं झाडाशी नातं नाही. कोशात अशा शब्दांना दोन स्वतंत्र नोंदी मिळतात. 'रन'चे अर्थ एका छपराखाली राहतात.

इंग्रजीत जे धावतं ते मराठीत चालतं

इंग्रजीत यंत्र धावतं, दुकान धाववतात, नाटक महिनाभर धावतं. मराठीत यंत्र चालतं, दुकान चालवतात, नाटक चालतं, संसार चालतो, खटला चालतो. कुणी काही विचारलं तर "चालेल" म्हणून आपण होकारही देतो. फ्रेंचमध्येही यंत्र 'चालतं', म्हणजे आपल्या बाजूने तेवढा एक गडी आहे. कामात असलेली वस्तू दाखवायला पायांच्या हालचालीचा शब्द घ्यायचा ही युक्ती सगळ्यांची सारखी. कुणी किती वेगाचा शब्द उचलला, एवढाच फरक.

निवडणुकीत तर मौज आहे. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. ब्रिटनमधला 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. आपल्याकडेही उमेदवार उभाच राहतो. या बाबतीत मराठी आणि ब्रिटिश इंग्रजी एका बाजूला आहेत आणि अमेरिकी इंग्रजी दुसऱ्या.

"मराठीत बाई असा घोळ नाही"

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि त्याला माझं उत्तर एका क्रियापदाचं आहे: लागणे.

भूक लागते, ठेच लागते, आग लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, कोर्टात तारीख लागते. डोळा लागतो म्हणजे झोप येते, आणि नजर लागते म्हणजे भलतंच काही होतं. वेळ लागतो, पैसे लागतात. फणसाला फळं लागली, होडी काठाला लागली, दार आपोआप लागलं. अभ्यासात मन लागत नाही. आमटी आंबट लागते. पोराला आजीचा लळा लागतो. "तो तुझा कोण लागतो?" यात नातं विचारलं. "ते रडायला लागलं" यात नुसती सुरुवात सांगितली. डिचोलीहून पणजीला जाताना अस्नोडा लागत नाही, म्हापशाला जाताना लागतं.

आणि हे पाहा: "बस लागली का?" असं स्टँडवर विचारलं तर बस फलाटावर आली का, एवढाच प्रश्न असतो. तेच घाटातून उतरलेल्या, चेहरा पांढरा पडलेल्या मुलाला विचारलं, तर त्याला मळमळतंय का हे विचारलं. शब्द तेच, क्रम तोच. तरी चार वर्षांच्या पोरालाही यात चूक होत नाही. कोकणीतही "भूक लागल्या" म्हणतातच, तेव्हा गोव्यातलं मूल 'लागण्या'ची ही करामत दोन भाषांतून शिकून शाळेत येतं.

परक्याला विचारा मग. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, साष्टीत राहिले, इथली भाषा शिकले आणि मराठी ओव्यांत ख्रिस्ताचं पुराण रचून गेले. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा, त्यांना मराठी अशी बाहेरून आत येऊन शिकावी लागली. पुढे मोलस्वर्थ यांनी मराठी-इंग्रजी कोश केला, तो १८३१ साली प्रसिद्ध झाला. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने आला. 'लागणे' किती पसरलंय हे बघायचं असेल तर या कोशांपाशी बसावं. ऑक्सफर्डइतके संपादक, इतकी वर्षं आणि इतका पैसा आपल्या एखाद्या कोशाला मिळाला, तर 'लागणे'चा आकडाही लोक एकमेकांना पाठवत बसतील, याबद्दल मला शंका नाही.

आपला गोंधळ का होत नाही?

कारण आपण सुटा शब्द कधी ऐकतच नाही. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी १९५७ साली म्हटलं की शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून. 'नाक' शेजारी असलं की 'रन'चे बाकी सगळे अर्थ डोक्यात येण्याआधीच गळून पडतात.

यंत्रांना मात्र हे फार जड गेलं. १९४९ साली वॉरन वीव्हर या अमेरिकी गणितज्ञाने यंत्राकडून भाषांतर करून घ्यायची कल्पना मांडली तेव्हा पहिली अडचण हीच सांगितली. कागदाला एकच शब्द दिसेल एवढं भोक पाडून पुस्तक वाचलं तर अर्थ लागणार नाही. भोक मोठं करून अलीकडचे-पलीकडचे शब्द दिसू दिले तर लागेल. १९६० साली इस्रायली तर्कशास्त्रज्ञ बार-हिलेल यांनी त्यावर एक साधं वाक्य टाकलं: 'द बॉक्स वॉज इन द पेन'. लिहायच्या पेनात खोका मावत नाही. इथे 'पेन' म्हणजे लहान मुलांना खेळायला घातलेलं कुंपण. पण खोका पेनापेक्षा मोठा असतो हे यंत्राला सांगणार कोण, आणि जगातल्या अशा किती गोष्टी सांगत बसणार? हे होणं नाही, असं त्यांचं मत होतं.

आजची भाषांतराची यंत्रं असली वाक्यं बऱ्याचदा बरोबर सोडवतात. त्यांना कुणी नियम शिकवले नाहीत. अफाट लेखन नजरेखालून घालून कोणता शब्द कुणाच्या संगतीत येतो, हे ती टिपत गेली. यात आपल्यासाठी एक गोष्ट दडली आहे. ज्या भाषेतलं लेखन विपुल, तिथे ती नीट चालतात, आणि जिथे तुटपुंजं, तिथे अडखळतात. गूगलच्या भाषांतरात कोकणी आली तीच २०२२ साली. मराठीत आणि कोकणीत रोजच्या व्यवहारावर लिहिलेलं जितकं वाढेल, तितकं यंत्राला 'बस लागली'चं कोडं सुटेल.

अर्थावरून जमीन ठरते तेव्हा

शब्दाच्या अर्थाची चर्चा हौसेपुरती आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने 'फॉरेस्ट' हा शब्द पाहावा. १९८०च्या वनसंवर्धन कायद्यात तो आहे, पण त्याचा अर्थ कायद्याने सांगितला नव्हता. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यावा, जमीन कुणाच्याही मालकीची असो. एका वाक्याने खासगी जमिनीवरची दाट झाडीही कायद्याच्या कक्षेत आली.

आता कोशातला अर्थ साधारण असा, की झाडाझुडपांनी व्यापलेला मोठा प्रदेश. मोठा म्हणजे किती? झाडी किती दाट? कोश हे सांगत नाही, सांगायचं त्याचं कामही नाही. गोव्यात खासगी वनं ओळखायला सावंत आणि करापूरकर समित्या नेमल्या गेल्या आणि निकष ठरले: किमान ७५ टक्के झाडं वनातल्या जातींची हवीत, तुकडा सरकारी वनाला लागून नसेल तर किमान ५ हेक्टर हवा, आणि झाडांच्या शेंड्यांनी निदान ०.४ इतका, म्हणजे ४० टक्के भाग झाकलेला हवा. या निकषांवरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. "माझी वडिलोपार्जित जमीन जंगल कशी?" हा मालकाचा प्रश्न आणि "०.४ म्हणजे विरळ झाडी तोडायला मोकळं रान" ही पर्यावरणवाद्यांची तक्रार, दोन्ही एका शब्दाच्या दोन टोकांना उभ्या. २०२३ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि वनाची व्याप्ती नव्याने मांडली. त्याला आव्हान दिलं गेलं, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात पुन्हा सांगितलं, तूर्त कोशातलाच अर्थ धरा.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये 'फॉरेस्ट' म्हणजे राजाची राखीव शिकारीची जागा होती. तिथे झाडं असलीच पाहिजेत असंही नव्हतं. तो अर्थ मागे पडला आणि झाडांचा पुढे आला, म्हणून आपल्या डोंगराबद्दलचा वाद आज झाडं मोजून चालतो.

मग मुलांनी पाठ काय करायचं?

मराठी शाळेत प्रत्येकाकडे शब्दार्थाची वही असते. मधोमध पट्टीने ओढलेली रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. 'रन' समोर 'धावणे' लिहिलेलं असतं आणि त्यावर बाईंची लाल टिकमार्क असते. मग 'द टॅप इज रनिंग' आलं की मूल प्रामाणिकपणे लिहितं, 'नळ धावत आहे'. त्याने वहीवर विश्वास ठेवला, एवढंच झालं. दोष त्या मधल्या रेघेचा आहे, कारण तिच्यामुळे शब्द संगतीतून तुटतो.

रेघ पुसावी आणि वाक्यं लिहावीत. 'द टॅप इज रनिंग: नळ चालू आहे.' 'माय नोज इज रनिंग: माझं नाक वाहतंय.' 'शी रन्स अ शॉप: ती दुकान चालवते.' पाच-सहा वाक्यं जमली की मुलाला पुढचा 'रन' भेटेल तेव्हा अंदाज बांधता येतो. 'रन आउट', 'रन इन्टु' अशा जोड्या तर एकेक स्वतंत्र शब्द धरूनच शिकाव्यात, 'कोसळणे' आणि 'रडू कोसळणे' आपण वेगवेगळे शिकलो तसे.

मुलासाठी कोश घेताना एक बघावं. मोठे ऐतिहासिक कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतात. ते संशोधकासाठी उत्तम, आठवीतल्या मुलासाठी निरुपयोगी. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश वेगळे असतात. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असा कोश केला, आणि ऑक्सफर्डने तो १९४८ साली आणला. अशा कोशांत नेहमी भेटणारा अर्थ बहुधा वर असतो आणि अर्थाखाली तिरप्या अक्षरांत वापराची वाक्यं असतात. मुलाच्या शेजारी बसून वाचायची ती हीच तिरपी वाक्यं.